सिद्ध उपचार, अडलेली वाट

(एका सार्वजनिक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गावातील एखादी गृहिणी डोकेदुखी, हातापायांतील कळा आणि उडालेली झोप घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. बाहेर मोठी रांग असते. वैद्यकीय अधिकारी दोन-चार मिनिटांत वेदनाशामक गोळ्या आणि शक्तीचे औषध लिहून देतात. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येते आणि तेच औषध घेऊन परत जाते. घरची मंडळी म्हणतात, "तिला काम नको असते." तिला नैराश्याने ग्रासले आहे हे ना तिला ठाऊक असते, ना घरच्यांना, आणि ज्यांना ते ओळखता आले असते, त्यांना तिच्याशी दोन शब्द बोलण्याची सवड नसते.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे त्यात आढळले. एवढ्या रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ आणायचे कोठून, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे एक समर्पक उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, मिळालेले आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. समुपदेशक ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. पद्धतही साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, कामे सुटली की मन आणखी खचते, आणि मन खचले की उरलेली कामेही सुटतात. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून छोटी, जमण्यासारखी कामे ठरवतो आणि पुढच्या भेटीत त्यांची आस्थेने विचारपूस करतो. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते; इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

उपचार सिद्ध झाला. मग घोडे अडते कुठे?

पहिला अडसर आहे तो नावाचा आणि लाजेचा. गावात 'नैराश्य' हा शब्द कोणी वापरत नाही. तेथे 'टेन्शन' असते, 'जीव लागत नाही' असे असते. 'मनोरुग्ण' हा शब्द उच्चारला की घरातल्या मुलीचे लग्न अडेल या भीतीने दार लावून घेतले जाते. आपल्या दुखण्याला उपचार असतो हेच ज्याला माहीत नाही, तो उपचार मागणार तरी कसा?

दुसरा अडसर याहून मोठा, पण कमी दिसणारा आहे. उपचार केंद्रात ठेवला की रुग्ण आपणहून तेथे येईल, हे आपण गृहीत धरतो. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात 'प्राइम' या प्रकल्पाने सामुदायिक आरोग्य केंद्रांत मानसिक उपचारांची सोय केली. परंतु परिसरातील नैराश्यग्रस्तांत उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले नाही. याउलट शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झालेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाचे कार्यकर्ते वस्तीवर गेले, घरोघरी आणि बैठकांतून लोकांच्याच भाषेत बोलले, आणि मग ज्याला जे हवे ते त्याच्यापर्यंत नेले. तेथे उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. दार उघडे ठेवणे आणि दारापर्यंत जाणे यांतील अंतर या आकड्यांत दिसते.

तिसरा अडसर देखरेखीचा. चार दिवसांचे शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटले की काम संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणारा माणूस एकटा पडला तर थकतो, चुकतो, आणि उपदेश करू लागतो. म्हणून गोव्यातील समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि त्यांची पारख करीत. ही रीत व्यवहारात टिकू शकते, हेही तेथे अभ्यासाने दिसले. पण शासकीय योजनांत प्रशिक्षणाचा खर्च धरला जातो. अशा देखरेखीसाठी माणूस आणि वेळ राखून ठेवण्याचे मात्र राहून जाते.

चौथा अडसर व्यवस्थेचा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला. १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत सुरू झालेल्या जिल्हा कार्यक्रमाला आता साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांत मंजुरी आहे. कागदावरचा हा विस्तार मोठा आहे. पण पद रिक्त असेल वा औषध संपले असेल, तर मंजुरीने रुग्णाला आराम पडत नाही. घरोघरी जाण्याचे काम आले की सर्वांची बोटे 'आशा' कार्यकर्तीकडे वळतात. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग या सर्वांची धावपळ करणाऱ्या आणि बहुतांशी कामागणिक मोबदला मिळणाऱ्या या भगिनीच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे म्हणजे सुधारणा नव्हे. काम द्यायचे तर वेळ, मोबदला आणि पाठीशी उभा राहणारा माणूसही द्यावा लागेल.

अर्थात, कार्यकर्ता हा तज्ज्ञाचा पर्याय नाही. तीव्र मनोविकार, आत्महत्येचा धोका आणि औषधांचा निर्णय या बाबी डॉक्टरांकडेच गेल्या पाहिजेत. पण तज्ज्ञापर्यंत कोणाला न्यायचे, हे ओळखणारा माणूस वस्तीतच असावा लागतो.

पूर, भूकंप आला की समाज धावून जातो. ते दुःख उघड्या डोळ्यांनी दिसते. हे दुःख शेजारच्या घरात, बंद दाराआड असते. त्यासाठी घराघरांत जाणारा, ऐकून घेणारा, गुपित पाळणारा आणि पुढच्या आठवड्यात न चुकता पुन्हा येणारा माणूस हवा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असावा. परंतु ज्या गृहिणीला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, ती हा क्रमांक फिरवणार नाही. तिचे दार कोणीतरी आधी ठोठावले पाहिजे.