टिलबरीचा कोट आणि खलाशांची मजुरी



किल्ल्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. त्यांत राजे असतात, सरदार असतात. पण ज्याच्या घामावर तट उभा राहिला तो बेलदार आणि ज्याच्या जिवावर तो टिकला तो साधा शिपाई कोठेंच नसतो. म्हणून आज आम्ही साता समुद्रांपलीकडच्या एका कोटाची हकीकत तुम्हांपुढें मांडतों.

लंडन शहर थेम्स नदीवर वसलें आहे. शत्रूचें गलबत भरतीबरोबर नदींतून थेट राजधानीवर चढूं शके. ही वाट अडविण्यासाठीं आठव्या हेन्री राजानें इ. स. १५३९ च्या सुमारास शहराच्या पूर्वेस टिलबरी येथें तोफांचा बुरूज बांधविला. समोरच्या कांठावर ग्रेव्हसेंड. दोन्ही कांठांवरून मारा झाला म्हणजे मधून कोणी निसटत नाहीं, असा हिशेब.

१५८८ सालीं स्पेनचें आरमार चालून आलें. एलिझाबेथ राणी टिलबरीच्या छावणींत येऊन सैन्यापुढें बोलली. तें भाषण आजही नांवाजतात. परंतु आरमार परतविणाऱ्या खलाशांचें काय झालें? गलबतांत साथ शिरली. पगार थकलेले, अंगावर धड कपडा नाहीं, अशा स्थितींत ते बंदराच्या रस्त्यांवर मेले. त्यांचाच सेनापति हॉवर्ड यानें ही दुर्दशा सरकारास लिहून कळविली.

तरी राज्यकर्ते शहाणे झाले नाहींत. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अमदानींत खलाशांना रोकडीऐवजीं चिठ्ठ्या मिळत. घरीं चूल पेटवायची तर ती चिठ्ठी पडत्या भावानें विकावी लागे. १६६७ च्या जून महिन्यांत डच आरमार आलें. त्यानें शीअरनेसचा अर्धवट कोट घेतला, मेडवे नदींतली लोखंडी साखळी तोडली, चॅथमजवळ लढाऊ जहाजें जाळलीं आणि 'रॉयल चार्ल्स' हें जहाज ओढून नेलें. डचांच्या जहाजांवर कांहीं इंग्रज खलाशीही होते! पूर्वी चिठ्ठीसाठीं लढलों, आतां रोख पैशासाठीं लढतों, असें ते ओरडत होते, अशी ऐकीव हकीकत सॅम्युअल पेपीस या आरमारी अंमलदारानेंच रोजनिशींत नोंदली आहे. लंडनांत खलाशांच्या बायका भर रस्त्यांत म्हणत, आमच्या नवऱ्यांचे पैसे थकविल्याचें हें फळ.

मग राजाला जाग आली. १६७० पासून बर्नार्ड डी गोम यानें टिलबरीस नवा कोट उभारला. दलदलींत लांकडी खांब ठोकून पाया घातला, कोनदार बुरूज रचले, पाण्याचे दुहेरी खंदक खणले. नदीकडील दरवाज्यावर राजाचें नांव कोरलें. चिखलांत खांब ठोकणाऱ्यांचें नाहीं. पुढें १७४६ मध्यें कलोडनच्या लढाईंत हरलेले स्कॉट कैदी येथें डांबले. कित्येक तापानें मेले. १९५० सालीं लष्करानें कोट सोडला. आज तो लोकांना पाहावयास खुला आहे.

बांधवांनो, साखळी लोखंडाची होती, तरी तुटली. तोफेला बत्ती देणारा हातच उपाशी ठेवला, तर तट कितीही जाड असून काय उपयोग? म्हणून कोणीही तुमची मजुरी तुंबवूं लागला तर गप्प बसूं नका. कामाचा दाम रोख मोजून मागा. आणि मुलांना किल्ला दाखवाल तेव्हां तो कोणी बांधविला एवढेंच सांगूं नका. तो कोणी बांधला, आणि त्याला दाम मिळाला कीं नाहीं, हेंही विचारावयास शिकवा.