खिशातला लिनक्स आणि मामाची उधारी

आजचा एपिसोड छोटा आहे. घरात एखादा ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह पडला असेल तर शोधून ठेवा.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तर मामाचा लॅपटॉप बंद. म्हणजे चालू व्हायचा, लोगो यायचा, थोडं गोल गोल फिरायचं आणि परत लोगो. मामाचं किराणा दुकान आहे. तीन वर्षांची उधारी एका एक्सेल शीटमध्ये, बॅकअप शून्य. दुरुस्तीवाल्याने सांगितलेलं, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही." मामी म्हणाली, "एवढा बीटेक झालास, बघ की जरा." मी दिवसभर वेबसाइटचा कोड लिहितो, हार्डडिस्कशी माझा काय संबंध! पण हे मामीला कोण सांगणार?

मग माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची आयएसओ फाईल डाउनलोड केली आणि रूफसने पेनड्राइव्हवर लिहिली. लिहिली म्हणतोय, कारण नुसतं कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. आणि हो, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. कॉलेजात मी घाईत चुकीचा ड्राइव्ह निवडला होता. ट्रिपचे सगळे फोटो गेले, रूममेट आठवडाभर बोलला नाही. तेव्हा ड्राइव्हचं नाव आणि साइज दोनदा बघा.

मामाच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, चालू करताच एफ१२ दाबत राहिलो. तुमच्या मशीनला एफ९ किंवा एस्केप असू शकतं. मेनूत यूएसबी निवडलं आणि थोड्या वेळात समोर अख्खा डेस्कटॉप! मामा म्हणाला, "झाला दुरुस्त?" नाही ना. हार्डडिस्कवरची सिस्टिम तशीच मेलेली होती. हे सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमच्या जिवावर चाललेलं.

आता खरी भीती. डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, आणि मामाला स्वतःचा ईमेल पासवर्डही आठवत नाही. डी ड्राइव्हवर क्लिक केलं... उघडला. फाईल सापडली, मिंटमधल्याच लिबरऑफिसमध्ये उघडली. मामा मागे उभा राहून एकेक नाव वाचत होता.

आणि इथे मी माती खाणार होतो. फाईल सवयीने डेस्कटॉपवर कॉपी केली! लाइव्ह मोडमध्ये पेनड्राइव्हवरची सिस्टिम फक्त वाचली जाते, तुमचे बदल रॅममध्ये राहतात. बंद केलं की सगळं साफ. वेळेत लक्षात आलं, दुसरा पेनड्राइव्ह लावून त्यावर घेतली.

बदल टिकवायचे असतील तर पर्सिस्टन्स लागतो. उबुंटूची आयएसओ घेतलीत तर रूफसमध्ये त्यासाठी स्लायडर दिसतो, तिथे किती जागा द्यायची ते ठरवा. पण रोजच्या कामाला साधा पेनड्राइव्ह मला तरी पटत नाही. सारखं लिहून लिहून तो झिजतो, आणि स्लो तर असतोच. त्यापेक्षा बाहेरून लावायची एसएसडी घ्या. आणि लाइव्ह डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल'चा आयकॉन असतो, त्याला उगाच हात लावू नका. त्यातून डिस्क खरंच पुसली जाऊ शकते.

परवा मामाला फोनवर विचारलं, बॅकअप घेतोस ना? तर म्हणतो, "वही घातलीय परत."