रानातली कुरकुर आणि देवाची क्षमा
बायबलच्या जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकात इस्राएल लोकांच्या कुरकुरीचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेल्या या लोकांना रानात रोज मान्ना हे अन्न मिळत होते. तरी त्यांना मिसरची मासळी, काकड्या, कांदे आणि लसूण आठवू लागले. गुलामीतले हाल विसरावेत आणि जिभेची चव तेवढी उरावी, हे माणसाच्या मनाचे फार खरे चित्र आहे.

पुढे देवाने देऊ केलेल्या कनान देशाची टेहळणी करून आलेल्या बहुतेक हेरांनी भीती घातली, तेव्हा लोक मिसरला परतण्याची भाषा करू लागले. त्यांचा नेता मोशे याने त्यांच्यासाठी देवाकडे रदबदली केली. देवाने क्षमा केली, पण कालेब आणि यहोशवा हे दोन हेर वगळता ती प्रौढ पिढी कनानात पोहोचली नाही. भटकंती 40 वर्षे चालली. म्हणजे क्षमेने नाते टिकले, परिणाम टळले नाहीत.

मात्र प्रत्येक तक्रार अविश्वास ठरत नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. 22 वे स्तोत्र आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीकडे वळते. वधस्तंभावर येशूने त्याचाच आरंभ उच्चारला, असे मत्तय आणि मार्क सांगतात. कुरकुर देवाकडे पाठ फिरवते, विलाप त्याच्यासमोरच होतो.

कुरकुरीच्या उलट टोकाला कृतज्ञता असते. लूकच्या शुभवर्तमानात येशूकडून दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानायला त्यांपैकी एकटा शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा माणूस, परततो. क्षमा आणि कृतज्ञता यांची जोडी कॅथलिकांच्या मिस्सा या उपासनेतही दिसते: आरंभी पापकबुली येते, उपकारस्तुतीची मुख्य प्रार्थना त्यानंतर.