वीज पडण्याआधीचा अर्धा तास

श्रोतेहो, जुन्या रेडिओची एक खोड तुमच्यातील वडीलधाऱ्यांच्या ध्यानात असेल. वैशाखाचे दिवस, आपल्या गावावर लख्ख ऊन, आभाळ फक्त बालाघाटाच्या पलीकडे काळवंडलेले. आणि मीडियम वेव्हवर चाललेले गाणे मधूनच 'खर्रर्र' करून बिघडू लागे. माझे वडील लगेच आईला हाक देत, "वाळवण उचल गं, लांब कुठं तरी विजा चालल्यात." वडील फार शिकलेले नव्हते, पण त्यांचे अनुमान शास्त्राला धरून होते. वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाज यांच्याबरोबर रेडिओलहरीही निघतात, आणि त्या शेकडो किलोमीटर दूर जातात. आपल्याला ती खरखर वाटे. खरे म्हणजे तो निरोप असे.

हाच निरोप आता यंत्रे टिपतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशभर 80 हून अधिक ठिकाणी अशी यंत्रे बसवली आहेत. एकाच विजेची लहर कोणत्या यंत्राजवळ किती आधी पोचली, या फरकावरून ती वीज कोठे चमकली याचा हिशेब होतो, आणि तो 'दामिनी' नावाच्या अ‍ॅपवर तुमच्या स्मार्टफोनमध्ये दिसतो. अ‍ॅप फुकट आहे. फोनमधले 'लोकेशन' चालू ठेवले की तुमच्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरची वर्तुळे दिसतात आणि आत विजा चमकत असतील तर सूचना येते. साधारणपणे अर्धा-पाऊण तास आधी माणूस सावध होऊ शकतो. आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जातात, आणि त्यांतली पुष्कळशी शेतात, दुपारनंतर, काम करता करता जातात. म्हणून हा अर्धा तास फार मोलाचा आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला जरा संकोच वाटतो. गेल्या वर्षी मृगात मी महाविद्यालयातून केजकडे परतत होतो. रस्त्याकडेला चहाला थांबलो. फोन वाजला. मी भूगोलाचा प्राध्यापक; वर्तुळे, ढगांची दिशा, चमकण्याच्या खुणा सगळे मोठ्या कौतुकाने पाहत बसलो. समोरच्या रानात आठ-दहा बाया कपाशी खुरपत होत्या. पाच मिनिटे गेली असतील. चहावाल्याने माझ्या खांद्यावरून डोकावून विचारले, "सर, हे काय हाय?" मी सांगितले. त्याने किटली खाली ठेवली आणि बांधावर जाऊन ओरडला, "आवं बायांनो, खुरपी टाका, इकडं या!" बाया त्याच्या पक्क्या खोलीत आल्या. त्यानंतर थोड्याच वेळात त्या रानातल्या लिंबावर वीज पडली. खाली बांधलेली म्हैस जागच्या जागी गेली. एरवी त्या बाया पावसाचे थेंब पडू लागले की त्याच लिंबाखाली जमत असत.

इशारा माझ्या हातात होता, पण त्यावर हालचाल केली ती चहावाल्याने. अ‍ॅपची खरी अडचण इथेच आहे. ज्याच्या खिशात चांगला फोन आहे तो बहुधा छपराखाली असतो. जो माळावर शेरडे राखतो, जी निंदायला वाकलेली असते, तिच्याजवळ साधा बटणांचा फोन, तोही पिशवीत, पिशवी बांधावर. तेव्हा गावोगावच्या शिक्षक मंडळींना माझी विनंती अशी की, एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत एकाने तरी फोनकडे लक्ष ठेवावे. सूचना आली की शाळेची घंटा वेगळ्या ठेक्यात वाजवावी, किंवा देवळाच्या भोंग्यावरून दोन शब्द बोलावेत. ठेका कोणता ते गावाने आधी ठरवावे. ऐन वेळी ठरवू म्हटले तर कुणालाच कळत नाही.

फोनवाचूनही एक मोजणी करता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे; काम सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर आणखी अर्धा तास बाहेर पडू नका. पक्के घर किंवा बंद मोटार जवळ नसेल तर झाड, विजेचा खांब, विहिरीवरची मोटार यांपासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका, आणि घोळका करून बसू नका. उसाला पाणी देत असाल तर आधी पाण्यातून बाहेर या.

दोन समजुतींविषयी बोलले पाहिजे. पायाळू माणसावर वीज पडते असे आपल्याकडे म्हणतात. विजेला कोण कसा जन्मला ते ठाऊक नसते. दुसरी समजूत नवी आहे: मोबाईल जवळ असला की वीज ओढली जाते. तसे नाही. खिशातला फोन विजेला बोलावीत नाही. मात्र भिंतीला चार्जिंगला लावलेला फोन विजा चालू असताना हातात धरू नये, कारण वीज तारेतून घरात येते.

कोणाला वीज लागलीच, तर त्याला शिवायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 वर फोन लावायला सांगा. मेला म्हणून सोडून दिलेला माणूसही यातून कधी कधी उठतो.

आता 112 विषयी. या क्रमांकावर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशी सगळी मदत मागता येते. पण तुमचा फोन उचलणारा माणूस नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेला असतो. "शिरूरजवळ गाडी पलटी झाली" एवढे सांगून भागत नाही. एक शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, एक आपले शिरूर कासार, आणि एक लातूरकडचे शिरूर अनंतपाळ. तेव्हा आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण सांगावी. मांजरसुंब्याच्या घाटात अपघात पाहिलात तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. फोन कुलुपबंद असला तरी 'इमर्जन्सी' या शब्दावर बोट ठेवून 112 लावता येतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमाप्रमाणे साध्या फोनमध्येही 5 किंवा 9 हे बटण दाबून धरले की मदतीचा फोन लागण्याची सोय ठेवायची आहे. जुन्या फोनात ती नसेल. मग सरळ 112 लावावा.

सप्टेंबर 2025 च्या पुराने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली. सिंदफणा आणि गोदावरी फुगल्या, आष्टी तालुक्यात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. अशा वेळी वीज जाते आणि मागोमाग टॉवरही मुका होतो. पाणी चढू लागले की फोनवर चित्रे पाहू नका, चार्जिंग राखा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. बोलणे होत नसेल तर दोन ओळींचा संदेश पाठवा. तो पुष्कळदा जातो.

त्या बायांच्या टोळीची मुकादम माझ्याशी नंतर बोलली. तिच्याकडे बटणांचाच फोन होता. मी तिचा क्रमांक लिहून घेतला, म्हटले, "सूचना आली की तुम्हाला फोन करीन." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "फोन आला की उठू आम्ही, सर. पण दोनला उठलो तर मालक निम्मी हजेरी लावतो. त्याला बी फोन करताल का?"

मी दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्याचीच म्हैस गेली होती. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "अर्ध्या तासाचं काही नाही कापणार. पण पाऊस लांबला तर बघू." यंदा मी तीनदा फोन केला. दोनदा हजेरी पूर्ण लागली. तिसऱ्यांदा पाऊस लांबला.