हाताचा सराव आणि बोलण्याचाही

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं की बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "डॉक्टरांचा हात चांगला आहे ना हो?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच.

हात सरावानं बसतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत या सरावावर एक वेगळा अध्यायच आहे. शिष्यानं आधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी कापून हात बसवावा. शीर टोचायला कमळाचा देठ घ्यावा, टाके घालायला कापड आणि मऊ कातडं, पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. फणसातला गर ओढून काढायलाही सांगितलंय. आपल्या परसातलीच भाजी की!

आज दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव एका पेटीवर करतात. आत कॅमेरा, समोर पडदा आणि भोकांतून आत घातलेले लांब दांड्यांचे दोन चिमटे. एका खुंटीवरचा रबराचा तुकडा उचलायचा, आतल्या आत दुसऱ्या चिमट्यात द्यायचा आणि दुसऱ्या खुंटीवर ठेवायचा. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, त्यामुळे भलेभले घामाघूम होतात. अमेरिकेत येल विद्यापीठात १६ शिकाऊ सर्जनवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या अशा सरावाशिवाय पित्ताशयाचं ऑपरेशन करणाऱ्यांच्या हातून पित्ताशयाला किंवा भलत्याच जागी इजा होण्याची शक्यता पाचपट निघाली. म्हणजे पहिल्या चुका रबरावर झालेल्या बऱ्या, पेशंटवर नकोत.

आता उरलेला अर्धा प्रश्न. इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रॉमिली नावाची ३७ वर्षांची, दोन लहान मुलांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिच्या श्वासाची वाट बंद झाली. डॉक्टर अनुभवी होते, पण तोंडातून नळी घालण्याच्या प्रयत्नात इतके गुंतले की वेळेचं भान राहिलं नाही. एका नर्सनं गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करायचं सामान आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीनं अतिदक्षता विभागात खाट मागितली. काय करायला हवं हे त्यांना कळत होतं, पण ज्येष्ठ डॉक्टरांच्या कानी ते ठामपणे कसं घालावं, हे कळेना. एलेन १३ दिवसांनी गेली.

तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. वैमानिकांना बनावट कॉकपिटमध्ये विमान चालवण्याबरोबर एकमेकांशी बोलायचाही सराव देतात. हाताखालच्यानं धोका बोलून दाखवायचा आणि कॅप्टननं तो ऐकायचा. दवाखान्यांतही हे यावं म्हणून त्यानं २००७ साली एक संस्था काढली.

असा सराव ऑपरेशन थिएटरसाठीही असतो. टेबलावर बाहुला असतो, त्याची नाडी आणि रक्तदाब पलीकडच्या खोलीतून बदलतात. अचानक प्राणवायू घसरतो. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, सगळे खरंच असल्यासारखे कामाला लागतात. मग गोल करून बसतात. कोण काय बोललं, कुणाचं कुणी ऐकलं नाही, हे कुणालाही न हिणवता उलगडतात. "सर, मिनिटं चार झाली, सेट तयार आहे, आता गळ्याकडून घ्या," हे वाक्य मोठ्यानं, डॉक्टरांचं नाव घेऊन म्हणायची सवय लावावी लागते. लहानपणापासून "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको" ऐकत आलेल्या मुलीला ते टाके घालण्याहून अवघड जातं.

वैद्यकीय महाविद्यालयांना आता कौशल्य प्रयोगशाळा ठेवावीच लागते. पण माझं स्पष्ट मत सांगते, महागडा बाहुला प्लास्टिकच्या खोळीत घालून कुलूपबंद ठेवला, किंवा सरावाला फक्त डॉक्टर बोलावले आणि आम्हा सिस्टरांना वगळलं, तर तो पैसा पाण्यात गेला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी एक तपासणी यादी काढली. तिच्यात भूल देण्याआधी पेशंटची खात्री करायची असते आणि चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव व काम सांगायचं असतं. म्हणून तुमचं नाव काय, कसलं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, हे पुन्हा पुन्हा विचारलं तर वैतागू नका. फाईल पुढे करू नका, तोंडानं सांगा. हलणारा दात असेल, एखादं औषध सोसत नसेल, तर तेही तेव्हाच सांगून टाका.