वैयावृत्त्य आणि आपले वृद्ध मातापिता



तत्त्वार्थसूत्रात सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य सांगितले आहे. तेथे सेवेस पात्र अशा दहा प्रकारच्या मुनींत ‘ग्लान’, म्हणजे रोगी मुनी, येतात. श्रावकाच्या घरी या तपाचा आरंभ मातापित्यांपासून होतो.

स्मृतिभ्रंश झालेली माता रात्री-अपरात्री दार उघडून निघून जाते, गॅस चालू ठेवून विसरते, पुत्रालाच ‘तू कोण रे?’ असे विचारते. जागरणाने सून खचते. अशा वेळी प्रशिक्षित सेवकांच्या शुश्रूषा केंद्राचा विचार करावा लागला, तर पुत्राने स्वतःस अपराधी मानू नये. 2007 च्या अधिनियमाने वृद्ध मातापित्यांना टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. काळजीपूर्वक सोपवणाऱ्यास नव्हे.

मात्र तिला समज असतानाच तिची इच्छा विचारावी. केंद्रात कंदमूळ वर्ज्य राहील काय, सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल काय, हे आधी पाहावे. तिची जपमाळ, नेहमीची चादर, जुने छायाचित्र सोबत द्यावे. ठरल्या दिवशी जाऊन तिच्याजवळ णमोकार म्हणावा. पुत्राचे नाव विसरलेले ओठही कधीकधी त्यात साथ देतात.

जय जिनेंद्र!