घरच्या घरी ब्रेकदुरुस्ती : बचत आणि दक्षता



ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकतो. म्हणून पुढचे ब्रेक पॅड सहसा आधी झिजतात. ते घरी बदलता येतात. मात्र गाडी केवळ जॅकवर न ठेवता सपाट जागी भक्कम स्टँडचा आधार द्यावा. पॅड दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. डिस्क तिच्यावर नोंदलेल्या किमान जाडीपर्यंत झिजली असल्यास दोन्ही डिस्क बदलाव्यात. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. नव्या डिस्कवरील तेलकट थर पुसून काढावा.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. या कामात पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे पहिला ब्रेक रिकामा जातो. तेव्हा गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. वाचलेल्या मजुरीपेक्षा रस्त्यावरील माणसाचा जीव मोलाचा आहे.